थंड समुद्रातले पहिले विजेते

आधुनिक ऑलिम्पिकमध्ये पोहण्याची पहिली शर्यत जिंकणारे आल्फ्रेड हायोश यांचा जन्म १ फेब्रुवारी १८७८ रोजी बुडापेस्ट येथे झाला. मूळ नाव आर्नोल्ड गुटमान. ‘हायोश’ म्हणजे हंगेरियन भाषेत नाविक. पोहू लागल्यावर त्यांनी हे नाव घेतले. ते १३ वर्षांचे असताना त्यांचे वडील डॅन्यूब नदीत बुडून वारले. त्यानंतर मुलाने पट्टीचा पोहणारा व्हायचे मनावर घेतले.

१८९६ साली अथेन्सच्या स्पर्धेसाठी तरणतलाव नव्हताच. ११ एप्रिलला पिरेयसजवळ, झेआच्या उपसागरात शर्यती झाल्या. पाणी सुमारे १३ अंश सेल्सिअस, त्यात लाटा. वास्तुकला शिकणाऱ्या १८ वर्षांच्या हायोश यांनी १०० मीटरची शर्यत १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकली आणि त्याच दिवशी १२०० मीटरचीही, १८ मिनिटे २२.२ सेकंदांत. (पहिल्या क्रमांकाला तेव्हा रुपेरी पदक मिळे.)

या दोन शर्यतींत शरीराची कसोटी वेगवेगळी होती. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. थंड पाण्यात शिरताच श्वास एकदम आत ओढला जातो, मग मिनिट-दोन मिनिटे धाप लागते, नाडी व रक्तदाब वाढतात. त्याच क्षणी तोंडावर लाट आली तर पाणी फुप्फुसात जाते. शरीर गारठण्याआधीच माणसे बुडतात ती बहुधा अशी. हायोश यांची १०० मीटरची शर्यत सगळीच्या सगळी या धोक्याच्या वेळेत झाली.

लांब शर्यतीत स्पर्धकांना बोटीने समुद्रात नेऊन सोडले. किनारा गाठायचा होता. साधारण दहा मिनिटांनंतर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून स्नायू व नसा थंड पडतात, बोटे वळत नाहीत, हात मारण्यातली ताकद जाते. चांगला पोहणाराही इथे हरतो. हायोश यांनी अंगाला चरबीचा जाड थर फासला होता. त्वचेला मीठ आणि घर्षण सोसवावे म्हणून असा लेप उपयोगी. थंडी मात्र त्याने फारशी अडत नाही. ते काम त्वचेखालची चरबी आणि सतत हलणारे स्नायू करतात. आजच्या नियमांनुसार खुल्या पाण्यातली शर्यत १६ अंशांखाली घेताच येत नाही.

पुढे ते वास्तुविशारद झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील कलास्पर्धेत क्रीडासंकुलाच्या आराखड्याबद्दल त्यांना डेझो लाउबर यांच्यासह रौप्यपदक मिळाले. सुवर्ण कोणालाच दिले गेले नाही. डॅन्यूबमधील मार्गारेट बेटावर १९३० साली उभा राहिलेला बंदिस्त तरणतलाव त्यांच्याच आराखड्यानुसार बांधला आहे. वडिलांना गिळणाऱ्या नदीच्या मधोमध, छपराखाली पोहण्याची सोय झाली. हायोश १९५५ साली वारले. त्या तलावाला आता त्यांचेच नाव आहे.