शहाद्याचा रानपिंगळा आणि पक्षी चोरणारा इंग्रज कर्नल

२५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळच्या जंगलात सकाळच्या उन्हात एक पिंगळा उघड्या फांदीवर बसलेला दिसला. हा साधा पिंगळा नव्हता, रानपिंगळा होता. त्याची शेवटची खात्रीची नोंद १८८४ ची, म्हणजे तो ११३ वर्षांनी सापडला. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, हा भाग धुळ्यात होता.

मग इतकी वर्षं तो सापडला का नाही? इथे गोष्टीत येतो कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन.

१८७८ मध्ये लंडनच्या श्रीमंत बँकर घराण्यात जन्मलेला हा माणूस लष्करात गेला, भारतात आणि आफ्रिकेत राहिला. आफ्रिकेतल्या एका मोठ्या रानडुकराला त्याचं नाव मिळालं. १९०५ मध्ये केनियात वाटाघाटीला आलेल्या नांदी लोकांच्या नेत्याला, कोइतालेल सामोईला, त्याने मारलं. पहिल्या महायुद्धात खोट्या कागदांची पिशवी तुर्कांच्या हाती लागेल अशी टाकून त्यांना फसवल्याबद्दल तो गाजला. त्यातलं खरंच त्याचं किती, यावर आज इतिहासकार शंका घेतात.

पक्ष्यांचा जाणकार म्हणूनही त्याचा दबदबा होता. ब्रिटिश म्युझियममधले पक्षी न विचारता उचलल्याबद्दल त्याला तिथे दीडेक वर्ष बंदी होती. तरी १९५४ मध्ये त्याच म्युझियमने त्याचा सुमारे २० हजार पक्ष्यांचा संग्रह स्वीकारला! १९६७ मध्ये तो वारला, तोवर त्याचा मान कायम होता.

त्या संग्रहात एक रानपिंगळा होता. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला, असं त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेलं. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक मांडवीकडे शोधत राहिले.

१९९० च्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा पक्षी बारकाईने तपासला, एक्स-रे काढले. तेव्हा कळलं की तो मुळात जेम्स डेव्हिडसन या खानदेशात नेमणुकीवर असलेल्या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात मिळवलेला. (या डेव्हिडसनने पुढे उत्तर कानडातल्या फुलपाखरांवरही सहकाऱ्यांसोबत लिहिलं.) माइनर्ट्झहागेनने तो म्युझियममधून चोरला, आतला भुसा काढून नव्याने भरला आणि स्वतःची चिठ्ठी बांधली.

रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत त्या जिथले जुने नमुने खरे होते तिथे गेल्या, म्हणजे शेवटी शहाद्याला. त्यानंतर रानपिंगळा तोरणमाळ, यावल, मेळघाटातही आढळला. कर्नलच्या संग्रहातल्या इतर अनेक पक्ष्यांवरच्या जागा आणि तारखाही खोट्या निघाल्या.