'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चा उपेक्षित चित्रकार

हात-पाय, डोके आणि मान यांची रचना घोकणाऱ्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे नाव ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. मात्र या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील आकृत्या हेन्री ग्रे यांच्या नव्हत्या. त्या काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर पुढे तीस वर्षे मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत होते, हे आपल्याकडेही फारसे कुणाला माहीत नाही.

कार्टर यांचा जन्म १८३१ चा, इंग्लंडमधील हल येथला. वडील चित्रकार. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकताना त्यांची ग्रे यांच्याशी गाठ पडली. विद्यार्थ्यांना परवडेल असा शरीररचनेचा ग्रंथ काढण्याची कल्पना ग्रे यांनी १८५५ च्या अखेरीस मांडली आणि दोघांनी सुमारे दीड वर्ष शवविच्छेदन केले. ही शवे १८३२ च्या कायद्यान्वये मिळणारी, बेवारस गोरगरिबांची. त्यांची नावे ग्रंथात कोठेच नाहीत.

तोवरच्या बहुतेक पुस्तकांत अवयवांवर बारीक अक्षरे वा आकडे असत आणि खुलासा शोधण्यासाठी नजर सारखी इकडेतिकडे फिरवावी लागे. कार्टर यांनी नावे थेट अवयवांवरच लिहिली. मानेतून वर चढणाऱ्या धमनीच्या अंगावर तिचे नाव, दंडाच्या स्नायूवर त्याचे. शिवाय छपाईसाठी हे सारे लाकडी ठोकळ्यावर उलटे काढायचे! ग्रंथाच्या यशात या आकृत्यांचा वाटा मजकुराहून कमी नव्हता.

मोबदला मात्र विषम होता. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड. मुखपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रे यांनी कार्टर यांच्या नावाचा टाइपही लहान करविला. हे रीतीला धरून असेलही. न्यायाला धरून होते असे म्हणवत नाही. १८५८ मध्ये ग्रंथ बाहेर पडला, तेव्हा कार्टर मुंबईत पोहोचलेले होते. ग्रे १८६१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, देवीच्या रोगाने वारले.

मुंबईत कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांचे पाय सुजत, त्यांतून दाणेदार पू वाहत असे आणि पुष्कळदा पाय कापावा लागे. हा विकार बुरशीमुळे होतो, असे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडले आणि त्याला 'मायसेटोमा' हे आजही रूढ असलेले नाव दिले. नंतर सातारा येथे ते सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी ते नॉर्वेलाही जाऊन आले. १८७७ च्या सुमारास मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातील मळसूत्री जंतूंवर त्यांनी संशोधन केले.

१८८८ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले.