'स्टार वॉर्स'मधल्या ओबी-वनने एका चाहत्याला सांगितलं होतं, हा पिक्चर पुन्हा पाहू नकोस!

शिरूरला माझा चुलतभाऊ राहतो. त्याचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि घरात त्याच्याबद्दल सध्या एकच तक्रार आहे, पोरगं सारखं 'स्टार वॉर्स' बघतं. १९७७ चा पहिला पिक्चर त्याचा अकरा वेळा बघून झालाय. आजीची काठी त्याने लाइटसेबर म्हणून ताब्यात घेतलीय आणि आजी काठीशिवाय घरभर फिरतेय.

मला त्याला ओरडायचा अधिकार नाही. मी दौंडची. मास कम्युनिकेशन करत होते तेव्हा रोज दौंड-पुणे गाडीने जायचे आणि हाच पिक्चर मी पहिल्यांदा त्या गाडीत, फोनवर पाहिला. पाटस, केडगाव गेलं तरी काही कळत नव्हतं. दोन रोबोट वाळवंटात फिरतायत एवढंच. मग यवतच्या आसपास एक दाढीवाला म्हातारा आला आणि सगळं बदललं. तो शांत बोलायचा, डोळ्यांत थोडी गंमत असायची. हडपसर येता येता तो म्हातारा मेला आणि मी भरल्या गर्दीत खिडकीकडे तोंड करून बसले. तिथून मी या मालिकेची फॅन झाले ती झालेच.

तो म्हातारा म्हणजे ओबी-वन केनोबी. परवा भाच्याने विचारलं, आत्या, हा माणूस खरा कोण होता?

सांगायला बसले आणि पंचाईत झाली. कारण ज्या माणसामुळे जगभरातली लाखो पोरं या पिक्चरच्या नादी लागली, त्या माणसाला स्वतःला हा पिक्चर फारसा आवडायचा नाही. त्याच्या आयुष्यात माझ्या भाच्याच्याच वयाचा एक मुलगा येऊन गेला होता. ती गोष्ट कळण्यासाठी आधी हा माणूस कोण, ते बघावं लागेल.

वडिलांच्या नावाची जागा कोरी

सर ॲलेक गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. आईचं नाव ॲग्नेस कफ. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. वडील कोण, हे त्यांना आयुष्यभर पक्कं कळलं नाही. अँड्र्यू गेडीस नावाचे एक बँकर अधूनमधून काका म्हणून भेटायला यायचे, शाळेची फी त्यांच्याकडून यायची. तेच वडील असावेत असा बऱ्याच जणांचा अंदाज.

आई सतत घरं बदलायची. मध्ये तिने एका लष्करी कॅप्टनशी लग्न केलं. तो सावत्र बाप इतका हिंसक होता की पोर त्याच्या सावलीलाही घाबरायचं. ते लग्न काही वर्षांतच संपलं.

अशा पोराला आधार कशाचा, तर नाटकाचा. लहानपणी लंडनच्या कोलिझियममध्ये त्याने नेली वॉलेस नावाची विनोदी कलाकार पाहिली आणि तो पार वेडा झाला. म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हाही ही आठवण त्यांना पहिल्या काही पानांत सांगावीशी वाटली. म्हणजे बघा, हा माणूस मुळात फॅन होता.

शाळा संपल्यावर गिनेस एका जाहिरात कंपनीत कॉपी लिहायचं काम करू लागले. मन मात्र रंगभूमीवर. जॉन गिलगुड तेव्हा लंडनच्या रंगभूमीवरचे मोठे स्टार होते आणि गिनेससाठी तर दैवत. ओळख ना पाळख, या पोराने थेट त्यांना फोन लावला आणि अभिनय कुणाकडे शिकू, असं विचारलं.

आज एखाद्या नवख्या पोराने सुपरस्टारला फोन लावला तर काय होईल, तुम्हीच विचार करा. गिलगुडनी फोन आपटला नाही. त्यांनी मार्टिटा हंट या अभिनेत्रीचं नाव सुचवलं. पुढे गिनेस फे कॉम्प्टनच्या नाट्यशाळेत शिकत असताना बक्षिसासाठी परीक्षक म्हणून हेच गिलगुड आले आणि बक्षीस गिनेसना मिळालं. नंतर कामाच्या शोधात पोटाला चिमटा काढायची वेळ आली, तेव्हा गिलगुडनी त्यांच्यासमोर २० पौंड ठेवले. गिनेसनी ते घेतले नाहीत. पण १९३४ मध्ये गिलगुडनी आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना ऑस्रिकची भूमिका दिली आणि गाडी रुळावर आली. एका चाहत्याने आवडत्या नटाचं दार वाजवलं आणि ते उघडलं गेलं, इतकं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चारच वर्षांनी, १९३८ मध्ये, ते स्वतः ओल्ड व्हिकच्या रंगमंचावर हॅम्लेट म्हणून उभे होते. त्याच वर्षी मेरुला सलामनशी लग्न झालं. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले आणि १९४३ मध्ये सिसिलीवरच्या चढाईत सैनिक उतरवणारी एक बोट त्यांच्या हाताखाली होती.

युद्धानंतर सिनेमा. दिग्दर्शक डेव्हिड लीन यांच्याबरोबर त्यांनी एकूण सहा पिक्चर केले. १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्ये त्यांनी एकाच घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका केल्या, त्यात एक बाईसुद्धा. १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, १९५९ मध्ये सर ही पदवी. भूमिका बदलली की हा माणूस ओळखूच यायचा नाही, हीच त्यांची ख्याती. चारचौघांत कुणाच्या लक्षातही येणार नाही असा चेहरा, आणि त्यांना ते आवडायचं.

(जेम्स डीनचा किस्सा तुम्ही रील्सवर ऐकला असेल. सप्टेंबर १९५५ मध्ये डीनने आपली नवी पोर्शे दाखवली, तेव्हा गिनेसनी त्याला या गाडीत बसू नकोस, आठवडाभरात मरशील असं बजावलं. बरोबर आठवड्याने, ३० सप्टेंबरला डीन त्याच गाडीत अपघातात गेला. हे स्वतः गिनेसनी मुलाखतीत सांगितलेलं आहे.)

वाळवंटातला म्हातारा

१९७५ मध्ये जॉर्ज लुकास नावाच्या तरुण दिग्दर्शकाची स्क्रिप्ट त्यांच्याकडे आली. विज्ञानकथा म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडलं. संवाद त्यांना भिकार वाटले, पण पुढे काय होतं या उत्सुकतेने पानं उलटत राहिले आणि होकार देऊन बसले.

१९७६ च्या मार्चमध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात शूटिंग सुरू झालं. त्या काळात एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत ते रोज हातात पडणाऱ्या नव्या संवादांवर वैतागलेले दिसतात. बरोबरच्या नटाचं नावही त्यांना नीट आठवत नव्हतं. तो नट होता हॅरिसन फोर्ड!

त्यात लुकासने मध्येच ठरवलं की ओबी-वनला मारायचं. गिनेस नाराज झाले, पिक्चर सोडायची भाषा झाली, मग समजूत निघाली. गंमत म्हणजे म्हातारपणी ते सांगायचे की मारायची कल्पना माझीच, ते संवाद आणखी बोलायला नकोत म्हणून. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. मला वाटतं, मनात राहिलेला राग त्यांनी असा विनोदात जिरवला असावा.

पण सेटवर याचा मागमूसही नव्हता. वेळेवर यायचं, पाठांतर चोख, तरुण नटांना सांभाळून घ्यायचं. जो डायलॉग कागदावर पोकळ वाटायचा, तो त्यांच्या तोंडून खरा वाटायचा. जेडाय, फोर्स वगैरे शब्दांवर आपण आज विश्वास ठेवतो, कारण त्या म्हाताऱ्याचा त्यांवर विश्वास आहे असं आपल्याला वाटतं. पिक्चर तयार झाल्यावर पाहिला तेव्हा मात्र तांत्रिक करामतीने तेही चकित झाले होते.

२५ मे १९७७ ला पिक्चर लागला आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. गिनेसना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. या मालिकेत अभिनयासाठी ऑस्कर नामांकन मिळालेले आजवर ते एकटेच. लुकासच्या वाट्याला येणाऱ्या पैशातले सुमारे सव्वादोन टक्के त्यांच्या नावावर होते. उरलेलं आयुष्य पैशाची चिंता राहिली नाही.

चिंता दुसरीच होती. शेक्सपिअर, डिकन्स, ऑस्कर, सगळं मागे पडलं आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना ओबी-वन म्हणू लागला. दुसऱ्याच्या चेहऱ्याआड लपण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला एकाच चेहऱ्यात कायमचं कोंडल्यासारखं झालं. १९८० च्या दुसऱ्या भागासाठी त्यांनी जेमतेम एक दिवस शूटिंग केलं. १९८३ च्या तिसऱ्या भागातही थोडंच काम.

आणि मग 'गोडबोले'

हे मला स्वतःला उशिरा कळलं आणि मी जागेवर उडाले. १९८४ मध्ये डेव्हिड लीननी 'अ पॅसेज टू इंडिया' काढला. त्यात गिनेसनी साकारलेल्या माणसाचं नाव आहे प्रोफेसर गोडबोले!

ई. एम. फॉर्स्टरच्या मूळ कादंबरीत हे गोडबोले दख्खनी ब्राह्मण आहेत. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या मराठी राजांचे, म्हणजे तुकोजीराव पवारांचे खाजगी सचिव होते. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली होती. कादंबरीच्या शेवटच्या भागात तोच उत्सव येतो आणि त्यात गोडबोले भजनात रंगून तुकोबांचं नाव घेतात. म्हणजे ओबी-वनचा धागा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या देहूपर्यंत येतो. मी हे भाच्याला सांगितलं, तर तो मी फेकतेय असंच समजला.

पण कौतुक इथेच थांबवते. रोशन सेठ, सईद जाफरी, व्हिक्टर बॅनर्जी असे भारतीय नट त्याच पिक्चरमध्ये असताना गोडबोलेंसाठी एका इंग्रज नटाला रंग फासून उभं करायची काय गरज होती? तेव्हाही टीका झाली आणि ती बरोबरच होती. त्यात ज्या नाचासाठी गिनेसनी मेहनत घेतली होती, तो लीननी संकलनात कापला. दोघांच्या जुन्या दोस्तीत त्यामुळे कडवटपणा आला.

सॅन फ्रान्सिस्कोतला मुलगा

आता ती गोष्ट. १९९९ मध्ये आलेल्या आपल्या शेवटच्या पुस्तकात ती गिनेसनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत बारा वर्षांचा एक गोड मुलगा आईबरोबर त्यांच्याकडे सही मागायला आला. मोठ्या अभिमानाने त्याने सांगितलं की 'स्टार वॉर्स' त्याने शंभरहून जास्त वेळा पाहिलाय. गिनेसनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि ते घाबरले. या वेडाचा एक दिवस स्फोट होईल असं त्यांना वाटलं. त्यांनी मुलाला विचारलं, माझ्यासाठी एक गोष्ट करशील का? मुलगा काहीही करायला तयार होता. मग त्यांनी सांगितलं, हा पिक्चर पुन्हा कधीही बघू नकोस.

मुलगा ढसाढसा रडायला लागला. आई भडकली आणि त्याला घेऊन निघून गेली. आता तिशीत पोचलेला तो मुलगा खोट्या स्वप्नात जगत नसावा, अशी आशा गिनेसनी पुढे व्यक्त केली आहे. याच काळात त्यांनी हेही सांगितलं होतं की 'स्टार वॉर्स'बद्दल येणारी चाहत्यांची पत्रं ते न उघडताच टाकून देतात.

ही गोष्ट सोशल मीडियावर गमतीचा किस्सा म्हणून फिरते. मला ती वाचून हसू आलं नाही. त्यांची भीती मला कळते. एकच गोष्ट शंभर वेळा बघणारं पोर पाहिलं की माझा चुलतभाऊही असाच धास्तावतो. पण ज्या पोराच्या डोक्यावर बापाचं छत्र नव्हतं, ज्याला नाटकाच्या वेडाने तारलं, ज्याचा फोन गिलगुडनी आपटला नाही, त्याने दारात आलेल्या मुलाच्या डोळ्यांत फक्त वेड पाहावं? तो मुलगा कशापासून पळून त्या पिक्चरमध्ये शिरत होता, हे गिनेसइतकं दुसऱ्या कुणाला कळलं असतं? तिथे ते चुकले, असं माझं मत आहे. फॅन असूनही, किंवा फॅन आहे म्हणूनच म्हणा.

५ ऑगस्ट २००० रोजी यकृताच्या कर्करोगाने गिनेस गेले. ते ८६ वर्षांचे होते. ६२ वर्षं सोबत केलेल्या मेरुला त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी गेल्या.

मालिका मात्र थांबली नाही. १९९९ पासून तरुण ओबी-वनची भूमिका इवान मॅकग्रेगर करतोय. आणि २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये निर्मात्यांनी एक करामत केली. नायिकेचं नाव रे. तिला ओबी-वनची हाक ऐकू यायला हवी होती. त्यांनी गिनेसच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून अफ्रेड हा शब्द काढला, त्याचं पुढचं-मागचं कापलं आणि मधलं तेवढं रे ठेवलं. मरून पंधरा वर्षं झालेल्या, या सगळ्याला कंटाळलेल्या माणसाने पुन्हा एकदा हाक मारली.

हे ऐकल्यावर भाच्याने तिथल्या तिथे तो पिक्चर लावला, ती जागा शोधून काढली आणि फोन कानाला लावून तो एक शब्द सात-आठ वेळा ऐकला. मग फोन आजीच्या कानाला लावला. आजीने ऐकला आणि आपली काठी परत मागितली.