वारसा नावाचा आणि विद्येचा

घराण्याचा वारसा म्हटला की आपल्याकडे नाव आणि मालमत्ता यांचाच हिशेब प्रथम मांडला जातो. विद्येचा वारसा मात्र या हिशेबात बसत नाही. तो पुष्कळदा घराबाहेर जातो. पटकथाकार आणि दिग्दर्शक विजय आनंद यांचे चरित्र या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे.

गुरुदासपूरचे वकील पिशोरीलाल आनंद यांच्या तीन पुत्रांनी चित्रपटक्षेत्रात नाव मिळविले. थोरले चेतन यांच्या 'नीचा नगर'चा १९४६ साली कान महोत्सवात गौरव झाला. मधले देव आनंद लोकप्रिय नट झाले. या दोघांनी १९४९ मध्ये 'नवकेतन' ही संस्था काढली. २२ जानेवारी १९३४ रोजी जन्मलेले विजय हे सर्वांत धाकटे. थोरल्यांच्या सावलीत वाढणाऱ्याने एक तर मिंधे व्हावे किंवा बंड करावे, असा सामान्य अनुभव आहे. विजय आनंद यांनी तिसरा मार्ग पत्करला. ते लिहू लागले. १९५४ च्या 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या लेखनात त्यांचा वाटा होता, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. १९५७ मध्ये 'नौ दो ग्यारह' लिहून त्यांनी तो दिग्दर्शितही केला.

रहस्यपट ही त्या काळी दुय्यम करमणूक समजली जाई. अंधारा वाडा, किंकाळी आणि अखेरीस पकडला जाणारा खलनायक एवढ्यावर काम भागत असे. विजय आनंद यांनी रहस्य वाड्यात न ठेवता प्रेक्षकाच्या मनात ठेवले. १९६७ च्या 'ज्वेल थीफ'मध्ये नायकाला सारे जण अमर नावाचा चोर समजतात. तो अमर मुळात अस्तित्वातच नाही, हे प्रेक्षकाला फार उशिरा कळते. खरा गुन्हेगार म्हणून समोर येतात ते अशोककुमार! ज्या चेहऱ्यावर प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे विश्वास टाकला, त्या विश्वासाचाच पटकथेने उपयोग करून घेतला. गाणीदेखील कथेला खीळ न घालता तिला पुढे नेत. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्येही लहानपणी ताटातूट झालेल्या दोन भावांची जुनी कल्पना त्यांच्या बांधीव पटकथेमुळे ताजी वाटली.

त्यांचा आवाका मात्र रहस्यापुरता नव्हता. आर. के. नारायण यांच्या कादंबरीवरून त्यांनी केलेला 'गाइड' (१९६५) याची साक्ष देतो. चेतन 'हकीकत'कडे वळल्यावर हिंदी 'गाइड'ची जबाबदारी धाकट्यावर आली आणि तिचे त्यांनी सोने केले.

पुढे मात्र वाटा पालटल्या. १९७० पासून देव आनंद स्वतःच दिग्दर्शन करू लागले. संस्थेचे नाव कायम राहिले, पण पटकथेची ती घट्ट वीण सैल होत गेली. खुद्द विजय आनंद यांचे 'राम बलराम' (१९८०) आणि 'राजपूत' (१९८२) हे बहुतारांकित चित्रपटही पूर्वीच्या तोडीचे नव्हते. लेखकापेक्षा नटाच्या तारखांना महत्त्व आले की काय होते, याचे हे उदाहरण होय. २००१ मध्ये ते परिनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले. प्रौढांच्या चित्रपटांसाठी वेगळी चित्रगृहे असावीत, हा विचार सरकारला मानवला नाही, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी पद सोडले. २३ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

भाचे शेखर कपूर यांनी घराण्याचे नाव 'एलिझाबेथ'द्वारा परदेशी नेले, हे खरेच. तथापि रहस्यकथेची विद्या मात्र दुसरीकडे रुजली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले श्रीराम राघवन यांनी २००७ मधील आपला 'जॉनी गद्दार' जेम्स हॅडली चेस यांच्याबरोबरच विजय आनंद यांना अर्पण केला. राघवन आनंद कुटुंबातले नव्हेत. नाव रक्ताने मिळते, विद्या मात्र जो शिकेल त्याची होते. शिक्षकाच्या पेशातील कोणालाही हे नव्याने सांगावयास नको.