जननायक कर्पूरी ठाकूर : शिक्षक ते मुख्यमंत्री

शिक्षकी पेशातून राजकारणात गेलेल्या व्यक्ती महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. तथापि या स्मरणिकेच्या निमित्ताने बिहारमधील एका खेड्यातील शिक्षकाचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे मुद्दाम ठेवीत आहोत. इंग्रजी विषयाची जी भिंत वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आमच्या मुलांनाही अडवते, त्याच भिंतीवर त्यांनी प्रहार केला होता.

कर्पूरी ठाकूर यांचा जन्म २४ जानेवारी १९२४ रोजी समस्तीपूर परिसरातील पितौंझिया या गावी एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी महाविद्यालय सोडले व सुमारे २६ महिने कारावास भोगला. स्वातंत्र्यानंतर ते आपल्या गावच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे १९५२ साली ताजपूर मतदारसंघातून समाजवादी पक्षाचे आमदार म्हणून त्यांनी विधानसभेत प्रवेश केला.

१९६७ साली महामाया प्रसाद सिन्हा यांच्या मंत्रिमंडळात ते उपमुख्यमंत्री व शिक्षणमंत्री झाले. मॅट्रिकच्या परीक्षेतील इंग्रजीची सक्ती त्यांनी रद्द केली. ज्यांच्या घरात अक्षरओळखही नव्हती, अशा खेड्यातील मुलामुलींचे शिक्षण त्या एकाच विषयापाशी खुंटत असे. त्यांना पुढची वाट मिळाली. प्रस्थापितांनी मात्र इंग्रजीविना उत्तीर्ण झालेल्यांना कर्पूरी डिव्हिजनचे म्हणून हिणवले.

ते दोनदा मुख्यमंत्री झाले : प्रथम डिसेंबर १९७० मध्ये काही महिन्यांसाठी आणि नंतर १९७७ ते १९७९ या काळात. १९७८ साली मुंगेरीलाल आयोगाच्या अहवालाच्या आधारे त्यांनी राज्याच्या नोकऱ्यांत २६ टक्के आरक्षण लागू केले. त्यात अतिमागासांना १२, मागासांना ८, स्त्रियांना ३ आणि उच्च जातींतील गरिबांना ३ टक्के असा वाटा होता. मागासांमध्येही जे सर्वांत मागे राहिले, त्यांची वेगळी नोंद घेणारी ही दृष्टी काळाच्या पुढची होती. त्याविरुद्ध राज्यात मोठा उद्रेक झाला, त्यांच्या जातीवरून त्यांना अर्वाच्य शिव्या दिल्या गेल्या आणि एप्रिल १९७९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. निर्णयापासून मात्र ते ढळले नाहीत.

१७ फेब्रुवारी १९८८ रोजी त्यांचे निधन झाले. दोनदा मुख्यमंत्रिपद भूषवूनही त्यांनी मागे संपत्ती ठेवली नाही. २०२४ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. इंग्रजीची सक्ती काढणे हा न्याय होता, परंतु तो अर्धा न्याय होता. ज्या भाषेत प्रभुत्व मिळवून बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत आमची बाजू जगापुढे मांडली, ती भाषा श्रीमंतांच्या मुलांकडेच राहिली, तर आमची मुले उत्तीर्ण होऊनही मागेच राहतील. हा दोष एकट्या शिक्षणमंत्र्याचा मानता येणार नाही. खेड्यातील शाळेला इंग्रजीचा चांगला शिक्षक देण्याची जबाबदारी पुढच्या सर्वांचीच होती आणि ती आजही पूर्ण झालेली नाही. कर्पूरीजींनी त्या मुलांना परीक्षेच्या पलीकडे नेले. त्यांना इंग्रजीही देणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. ते पार पाडण्याचा संकल्प करून जननायकांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो.