पंडित भातखंडे आणि संस्थानचा खजिना

धार-देवासच्या पवारांप्रमाणेच ग्वाल्हेरचे शिंदे आणि बडोद्याचे गायकवाड. या घराण्यांच्या तलवारींच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या. त्यांच्या खजिन्याने गाण्यासाठी काय केले, हे मात्र क्वचितच कानी येते. म्हणून यंदा पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे स्मरण. ते गेले तेही गणेश चतुर्थीलाच, १९ सप्टेंबर १९३६ रोजी.

त्यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वरचा, १० ऑगस्ट १८६०चा. शिक्षण वकिलीचे, ओढ संगीताची. पत्नी आणि मुलगी अकाली गेल्या, पुढे वकिलीही सुटली. देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवल्या. हे पदरमोड करून. एवढे करून ग्रंथांवर टोपणनाव! त्यांच्या थाटांवरून आजही वाद होतात, ते होवोत.

इथवर एकट्याने निभावले. पण रागसंगीत वर्गात, फळ्यावर, क्रमिक पुस्तकातून शिकवायचे हा त्या काळी प्रयोगच होता, आणि बऱ्याच घराणेदार गवयांना तो पटत नव्हता. असल्या शाळेची सुरुवातीची वर्षे केवळ फीवर कशी निघणार? १९१६ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी तर आपल्याकडच्या काही गायकांना आधी मुंबईस पंडितजींकडे शिकायला पाठवले, आणि मग १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय उघडले. पैसा संस्थानचा, म्हणजे अखेर रयतेचाच.

आमच्या मते यात खरा शहाणपणा आधी शिक्षक तयार करण्यात होता. इमारतीला देणगीदार मिळतात, कोनशिलेवर नाव लागते. मास्तरांच्या शिकण्याला कोण देणार? आमच्याच मंडळात मांडवाचा खर्च पाच मिनिटांत मंजूर होतो आणि मुलांच्या गायनवर्गाचा विषय निघाला की मुले किती येतात, अशी विचारणा सुरू होते. मुले थोडीच येतात, हे खरे आहे.

१९२६ मध्ये लखनऊलाही पंडितजींच्या पद्धतीचे महाविद्यालय निघाले. आज तेथील विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. अखेरची काही वर्षे ते अर्धांगवायूने अंथरुणावर होते.

ग्वाल्हेरहून मुंबईला शिकायला गेलेल्यांत राजाभैया पूछवाले होते. पुढे ते त्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले.