नांगराच्या फाळापासून पंपापर्यंत : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी लिहाच, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा थोडा विचारात पडलो. मी लेखक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रूळ आणि डब्यांत रमणारा माणूस. पण गणपती ही जशी विद्येची देवता तशीच कलांचीही. हातातली कला हीच ज्यांची विद्या होती, अशा एका मराठी माणसाची ओळख आपल्या मुलांना करून द्यावी असे वाटले, म्हणून हा प्रयत्न.

आमचे गाव सांगली जिल्ह्यातले. लहानपणी पुण्याकडे जाताना भिलवडी मागे पडले की किर्लोस्करवाडी स्टेशन यायचे. एका कारखान्याच्या नावाचे स्टेशन! आजोबा सांगत की या स्टेशनाचे मूळ नाव कुंडल रोड, आणि तेव्हा लाईन मीटरगेज होती. आपल्या जयपूरलाही 1990 च्या दशकापर्यंत मीटरगेजच होती. त्यामुळे इथे बदली होऊन आलो तेव्हा जुन्या सहकाऱ्यांच्या मीटरगेजच्या गोष्टी ऐकून मला गावच आठवले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. नावाच्या आद्याक्षरांवरून पुढे ते लकाकि म्हणून ओळखले गेले. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन नव्हते. ओढ होती ती चित्रांची आणि यंत्रांची. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण रंगांच्या बाबतीत त्यांच्या दृष्टीत दोष निघाला आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण पुरे केले, कारण त्यात रंग लागत नव्हते.

त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली. दिवसा मुलांना ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रे खोलून, पुस्तके वाचून स्वतः शिकायचे. यंत्रशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावचा रस्ता धरला. पात्रता असूनही खुर्ची हुकते तेव्हा काय वाटते हे आम्हा डिप्लोमावाल्यांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की आम्ही कँटीनमध्ये चहा पीत कुरकुर करतो, त्यांनी कारखाना काढला.

बेळगावला सायकलींचा धंदा 1888 पासूनच चालू होता. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. सायकल विकायची तर ती चालवणारा आधी तयार करावा लागतो, हा धडा या भावांनी पहिल्याच धंद्यात गिरवला होता. पुढे तोच कामी आला.

नोकरी सोडून आल्यावर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि नंतर लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर वरवर चालतो, काळ्या रानातली हरळी आणि कुंदा त्याला हटत नाहीत. लोखंडी नांगर खोल जातो. माल उत्तम होता, गरज खरी होती, पण गिऱ्हाईकच नव्हते! लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. बाजारपेठ आयती मिळत नसते, ती एकेका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन तयार करावी लागते. आणि एकदा शेजारच्याचे पीक डोळ्यांनी दिसले की जाहिरात लागत नाही.

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. आता जायचे कुठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे हेच ते राजेसाहेब. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. निवडुंग माजलेला आणि सापांचा सुळसुळाट असलेला तो माळ होता. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. जमीन ओसाड असली तरी स्टेशन जवळ होते, हे मी रेल्वेवाला म्हणून मुद्दाम सांगतो. लोखंड आणि कोळसा यायला आणि नांगर देशभर जायला गाडी नसती तर तो माळ माळच राहिला असता. याच लाईनीवर कराडजवळ 1916 मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला. ज्यांच्या प्रभाकर कंदिलावर आपल्या वाडवडिलांनी अभ्यास केला तेच हे ओगले. त्यांच्याही पाठीशी औंधचे राजेसाहेबच होते.

किर्लोस्करवाडीतली माणसे कोण होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकलेले इंजिनिअर त्या माळावर येणार नव्हते. लक्ष्मणरावांनी शेतमजुरांच्या हाती हातोडा आणि कानस दिली, मोजमाप शिकवले, त्यांतून कारागीर घडवले. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे आणि पडेल ते काम के. के. कुलकर्ण्यांकडे. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेले, पण कारखान्यात नवनव्या कल्पना लढवणारे इंजिनिअर झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर दरोडेखोरीचा शिक्का होता. त्यांना लक्ष्मणरावांनी चक्क रखवालीला ठेवले आणि दोघांनी तो विश्वास सार्थ केला. तिथे अस्पृश्यतेला थारा नव्हता. माणसावर बसलेला शिक्का पुसून त्याचा हात पाहायचा, हीच त्यांची भरतीची परीक्षा.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे बंद झाले आणि मागणी वाढली, पण लोखंड-कोळशाची टंचाईही आली. त्यातून तग धरून 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. मालाच्या माहितीपासून निघालेले ते मासिक पुढे घराघरांत वाचले गेले. चिरंजीव शंतनुराव आणि पुतणे माधव अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले. शंतनुराव 1926 मध्ये पदवी घेऊन परतले, पण माधव क्षयाने तिकडेच गेले. यश मोजताना हे घावही लक्षात ठेवावेत.

नांगराने जमीन फुटली, पण पाणी कोण देणार? बैलजोडीची ताकद जेमतेम एक अश्वशक्ती. दिवसभर मोट ओढून भिजून भिजून भिजणार किती? जयपूरच्या आसपासच्या खेड्यांत जुने लोक चडसाच्या आठवणी सांगतात, ती आपली मोटच. 1926 च्या सुमारास किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार होऊ लागले. पण नुसता पंप म्हणजे चाकाविना गाडी, त्याला फिरवणारी शक्ती हवी. ती गरज ओळखून 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. त्याआधी 1941 मध्ये हरिहरला लेथ बनवण्याचा कारखाना सुरू झाला होता. कारभार आता शंतनुरावांच्या पिढीकडे होता, वाट मात्र लक्ष्मणरावांनी पाडलेली. आमच्या विहिरीवरचे इंजिन वडील हँडल मारून चालू करत. त्याचा टुकटुक आवाज आला की आई म्हणे, आता उसाला पाणी लागले.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

देशाची भरभराट कशाने होते यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्यांच्या चरित्रातून तीन गोष्टी दिसतात : शिकलेला हात, स्वस्त शक्ती आणि माल घेणारा समाधानी गिऱ्हाईक. एक नसली की उरलेल्या दोन पांगळ्या. त्यांतल्या पहिल्या गोष्टीकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो.

शेवटी एक नम्र सूचना. दरवर्षी उत्सवात आपण गुणवंत मुलांचा सत्कार करतो आणि तो टक्केवारी पाहून करतो. कोटा इथून जवळ असल्याने आपल्या घरांत कोचिंगची चर्चा फार होते, आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलाचे नाव मात्र आईवडील हळू आवाजात सांगतात. मांडवातली वीज गेली की शोध नेमका त्याच मुलाचा होतो! यंदा त्यांच्यापैकी दोघा-तिघांनाही व्यासपीठावर बोलवावे. ज्याला रंग नीट दिसत नव्हते आणि ज्याच्याकडे पदवी नव्हती, त्याने एवढे उभे केले. आपल्या मांडवातही असा एखादा लक्ष्मण मागच्या रांगेत बसलेला असेल.

गणपती बाप्पा मोरया!

– एक सभासद, रेल्वे कॉलनी, जयपूर